लेकरू व्हायला मला उशीर लागला

देवावर विश्वास आहे असं म्हणणं वेगळं आणि देवाच्या भरवशावर राहणं वेगळं. हा फरक कळेपर्यंत माझी साठी उलटली. मी जन्माने ख्रिस्ती. आमचं घराणं मूळचं नाशिकच्या शरणपूरचं. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वसवलेल्या त्या वसाहतीत आजोबा वाढले. वडील नोकरीच्या निमित्ताने देवळाली कॅम्पात आले आणि आम्ही कायमचे इथलेच झालो. रविवार शाळा, दृढीकरण, तरुण संघ, पुढे पास्टरेट कमिटी आणि खजिनदारपद, अशा सगळ्या पायऱ्या मी रीतसर चढलो. उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे, उपकारस्तुतीच्या सभेत चार शब्द माझे आणि कुणाच्या घरी मयत झाली की प्रार्थनेला मीच पुढे. माझ्या विश्वासाबद्दल मंडळीत कुणाला शंका नव्हती. मला तर नव्हतीच.

तरीही मी मोठ्या चुका केल्या, आणि त्या सगळ्या एकाच वचनाच्या बाबतीत केल्या. ते वचन मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत होतो. मार्कच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला तो प्रसंग प्रत्येक ख्रिस्ती माणसाला पाठ असतो. लोक आपली लेकरं येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, येशूला त्याचा राग येतो. देवाचं राज्य अशांचंच आहे, असं तो सांगतो. जो ते बालकासारखं स्वीकारणार नाही त्याला त्यात प्रवेश नाही, असंही बजावतो. मग लेकरांना कवेत घेऊन आशीर्वाद देतो.

आमच्या रविवार शाळेच्या भिंतीवर या प्रसंगाचं चित्र होतं. हिरवळ, फुलं, येशूच्या मांडीवर गोरंगोमटं बाळ. ते चित्र दाखवून मी मुलांना सांगायचो की मुलं निष्पाप असतात, आज्ञाधारक असतात, म्हणून ती येशूला आवडतात, तेव्हा तुम्ही शहाण्यासारखं वागा. हा अर्थ चुकीचा होता. ज्याने घरात दोन मुलं वाढवली आहेत त्याला विचारा, मुलं किती निष्पाप असतात ते. ती हिसकावतात, रुसतात, खोटंही बोलतात. येशूने त्यांच्या चांगुलपणाचं कौतुक केल्याचं त्या अध्यायात कुठेही नाही. त्या काळच्या समाजात लेकराला मान नव्हता, कमाई नव्हती, कसला अधिकार नव्हता. कुणीतरी कडेवर घेऊन आणलं म्हणून ते आलं. दाखवायला त्याच्या हातात काहीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या हातांनीच ते आत गेलं.

मार्कने या प्रसंगाला लागूनच एका श्रीमंत माणसाची गोष्ट सांगितली आहे. मत्तय आणि लूक यांनीही हाच क्रम ठेवला आहे. तो माणूस येशूपुढे गुडघे टेकतो आणि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला मी काय करू? सगळ्या आज्ञा तो लहानपणापासून पाळत आलेला असतो. येशू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो, पण तो मात्र खिन्न होऊन निघून जातो. रिकाम्या हातांची लेकरं आत आणि भरल्या हातांचा सज्जन बाहेर, असे हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. मी ते दोन वेगवेगळ्या रविवारी शिकवायचो. एका पाठोपाठ एक कधी वाचलेच नाहीत.

तो सज्जन म्हणजे मी होतो, आणि ती माझी पहिली चूक. माझी सगळी नोकरी हिशोबखात्यात गेली. घरी मी एक वही ठेवत असे. दशमांश किती दिला, लेंटमध्ये उपास किती केले, उपासना किती चुकल्या, कुणाला कधी मदत केली, सगळं त्या वहीत तारीखवार असे. शिस्त म्हणून ही सवय वाईट नव्हती. वाईट होतं ते तिच्या मागचं मन. मुलीचं लग्न ठरत नव्हतं, तेव्हा मी ती वही काढून बसलो आणि देवाला म्हणालो, ‘प्रभू, माझ्याकडून काय कमी पडलं?’ वरवर तो नम्र प्रश्न होता. आतून मी देवाकडे येणेबाकी काढत होतो.

त्याच मनाने मी दुसऱ्यांना तोलतही होतो. नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी वसईहून, मुंबईहून, गुजरातेतून माणसं लोटतात. त्यांत कॅथॉलिक असतात, तसे हिंदूही असतात. ऑफिसातल्या एका वसईकर सहकाऱ्याबरोबर मी एकदा गेलो. आम्ही प्रोटेस्टंट. मेणबत्त्या, रांगा, नवस यांकडे बघायची आमची नजर आधीच ठरलेली. रांगेत आमच्या पुढे एक म्हातारी होती. तिच्या हातातली मेणबत्ती उन्हात वाकून गेली होती. म्हातारी सारखी ती दोन्ही तळव्यांत धरून सरळ करायची, ती पुन्हा वाकायची. मूर्तीपुढे आल्यावर तिने ती तशीच वाकडी मेणबत्ती ठेवली, हात जोडले, काही पुटपुटली आणि बाजूला झाली. बाहेर आल्यावर सहकाऱ्याने तिला विचारलं, ‘आजी, काय मागितलंत?’ ती म्हणाली, ‘मागायचं ते गेल्या साली मागितलं. नाय झालं. औंदा नुसती भेटाया आले.’

त्या वेळी मला तिची कीव आली. अंधश्रद्धा, असं मी मनात म्हटलं. आज मला त्या विचाराची लाज वाटते. तिचं मागणं पूर्ण झालं नव्हतं, तरी ती भेटायला आली होती. माझं एक मागणं लांबलं, तर मी वही काढून बसलो होतो. देवाशी सौदा ती करत नव्हती, मी करत होतो, आणि मला मात्र वाटत होतं की शास्त्रशुद्ध विश्वास आपलाच आहे.

पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात एक गोष्ट फार मोकळेपणाने सांगितली आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. तोवर त्यांनी शारदा सदन उभं केलं होतं, अमेरिकाभर व्याख्यानं दिली होती, त्यांच्या नावाचा दबदबा होता. एवढी विदुषी, एवढं काम, आणि तरी जमेच्या बाजूला दाखवण्यासारखं आपल्याकडे काही नाही, असं त्या लिहून ठेवतात. हे वाचून मी वही बंद केली. दशमांश आजही देतो, पण मांडून ठेवत नाही.

दुसरी चूक पहिलीच्या अगदी उलट दिशेची होती, आणि ती मला शरीराने भोगावी लागली. हिशोब सोडायचा म्हटल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. त्या सुमारास आरोग्यप्रार्थनेच्या एका सभेला गेलो होतो. बालकासारखा विश्वास हाच विषय होता. लेकरू बापाला प्रश्न विचारत नाही, बाप म्हणाला उडी मार की ते उडी मारतं, अशा अर्थाचं काहीतरी तिथे कानावर पडलं. गोळ्या बंद करा असं तिथे कुणीही म्हणालं नव्हतं. तो निष्कर्ष माझा मी काढला. मला मधुमेह आहे. घरी येऊन मी ठरवलं की आता देवावर सोडायचं. गोळ्या बंद केल्या आणि पत्नीला सांगितलं नाही. गोळ्यांची पाकिटं वेळेवर रिकामी होत होती, कारण रोजची गोळी मी बेसिनमध्ये टाकत होतो. देवावरचा भरवसा दाखवण्यासाठी मी बायकोशी रोज खोटं वागत होतो. तेवढ्यावरूनच मला समजायला हवं होतं.

हाउसन रोडवरून नव्या चपला घेतल्या होत्या. उजव्या पायाला चप्पल लागली, फोड आला आणि फुटला. मला कळलंच नाही, कारण पायाची संवेदना तोवर कमी झालेली होती. मोज्याला डाग दिसला तो पत्नीला. तिने पाय हातात घेतला, दिव्याखाली नेला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘अहो, तुम्ही गोळ्या घेता ना?’ मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम दाबून पाहिली, तेव्हा ती बाहेर उभी राहून रडत होती, आणि मला दुखत नव्हतं. पायाचं एक बोट काढावं लागलं.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. त्यासाठी तो स्तोत्रांतल्या वचनाचा दाखला देतो. देवदूत तुला झेलतील असं ते वचन आहे, स्तोत्र ९१ मधलं. भरवशाचंच वचन आहे ते. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असं तो शास्त्रातूनच उत्तर देतो. हा उतारा मी लेंटमध्ये कितीतरी वेळा वाचला होता. सभेत ऐकलेली उडीची गोष्ट मला विश्वासाची वाटली, आणि जवळपास तीच उडी येशूने नाकारलेली आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

शास्त्र इतकं स्पष्ट आहे की माझ्याकडे सबब उरत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला असताना भिंतीकडे तोंड करून रडतो आणि प्रार्थना करतो. देव त्याला पंधरा वर्षांचं आयुष्य देण्याचं वचन देतो. आणि तरी यशया संदेष्टा सांगतो की अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. वचन मिळालं तरी लेप लावायचाच होता. पौल तीमथ्याला त्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी उपाय सांगतो. पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता.

लांब कशाला जा, आमचं कॅम्पच बघा. ब्रिटिशांच्या काळात इथे परतीच्या जहाजाची वाट बघत सैनिक महिनोन्‌महिने राहायचे. पुढे इथल्या कोरड्या, थंड हवेसाठी पारशी आणि गुजराती समाजांनी लॅम रोडच्या आसपास आरोग्यधामं बांधली. दमेकरी, अशक्त, आजारातून उठलेली माणसं इथे येऊन राहायची. हवा देवाची, पण पथ्य, विश्रांती आणि औषध आपलं. पाय बरा होईपर्यंत मी खिडकीत बसून त्या रस्त्याकडे बघत असे. बरं होणं आणि धीर धरणं यांवर जे गाव उभं राहिलं, तिथे राहून मी औषध फेकत होतो.

रमाबाईंचं केडगावही मला याच दिवसांत नव्याने कळलं. दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली त्यांनी मुक्ती सदनात आणल्या. पैशासाठी माणसांपुढे हात पसरण्यापेक्षा त्या देवाकडे मागत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना चालवला, मुलींना विणकाम आणि तेलाच्या घाणीचं काम शिकवलं. विहीर खोदणाऱ्याला पाणी लागेल असा भरवसा असावा लागतो, आणि भरवसा आहे म्हणूनच तो कुदळ उचलतो. रमाबाईंच्या ठायी प्रार्थना आणि कुदळ यांत कधी भांडण झालं नाही. त्यांच्या विश्वासाला बालकासारखा म्हणायचं असेल, तर मी जे केलं त्याला बालिश म्हणावं लागेल. पौलाने करिंथच्या मंडळीला हाच भेद सांगितला आहे. वाईटपणाच्या बाबतीत तान्ह्या मुलांसारखे राहा, पण समजुतीच्या बाबतीत प्रौढ व्हा, असं तो लिहितो.

तिसरी चूक सांगणं मला सर्वांत जड जातं, कारण पहिल्या दोन चुकांनी माझंच नुकसान झालं. तिसरीने एका लेकराचं झालं.

माझा धाकटा भाऊ अचानक गेला. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याची पत्नी आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे राहायला आल्या. पुतणी मला मोठे पप्पा म्हणते. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाआधी कुटुंबप्रार्थना होते. एक गीत, एक उतारा आणि मग ज्याला वाटेल त्याने प्रार्थना करायची. त्या संध्याकाळी तोफखान्याच्या मैदानावर सराव चालू होता. कॅम्पातल्या लोकांना त्या आवाजाची सवय असते, पण पुतणी नवी होती. धडाका झाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या की ती आईच्या कुशीत सरकायची. तशीच कुशीत बसून, डोळे घट्ट मिटून तिने प्रार्थना केली. ‘देवबाप्पा, तू माझ्या पप्पांना का नेलंस? मी तुझ्याशी कट्टी घेतलीय. मी आज तुझ्याशी बोलणार नाही. आईचं डोकं दुखतंय, ते तेवढं बरं कर. आमेन.’

मी डोळे उघडले. मंडळीत ज्येष्ठ म्हणवणारा माणूस मी. मी म्हणालो, ‘बेटा, देवाशी असं बोलतात का? माफी माग.’ तिची आई काही बोलली नाही. मी वाक्य सांगत गेलो आणि ती माझ्या मागून म्हणत गेली. ‘प्रभू, मला क्षमा कर. तुझी इच्छा पूर्ण होवो.’ शब्द बरोबर होते. तिचा आवाज मात्र वाचून दाखवल्यासारखा सपाट होता. त्या दिवसानंतर प्रार्थनेत ती फक्त शेवटी ‘आमेन’ म्हणायची. विचारलं तर म्हणायची, ‘तुम्हीच करा, मोठे पप्पा.’ मला वाटलं, पोरीला वळण लागलं.

माझी अवस्था काय होती तेही सांगितलं पाहिजे. भावाच्या जाण्याने मी आतून पार कोरडा पडलो होतो. मंडळीत प्रार्थना करताना शब्द अडत नसत. दयाळू पित्या, सर्वसमर्थ प्रभू, तुझ्या योजना आमच्या समजण्यापलीकडच्या आहेत, हे सगळं ओघाने येई. घरी एकटा गुडघ्यांवर आलो की एक शब्द फुटत नसे. मला राग आला होता, आणि देवासमोर राग उच्चारण्याची माझी हिंमत नव्हती. जे पुतणीने एका दमात सांगितलं, तेच मी दडवून बसलो होतो. तिला दटावताना मी माझाच राग गप्प करत होतो, हे मला पुढे समजलं.

पुढच्या उत्तम शुक्रवारी क्रूसावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत सात जण एकेका उद्गारावर बोलतात, ही आपली जुनी रीत. चौथ्या उद्गारात येशू देवाला विचारतो की तू मला का सोडलंस. तो बाविसाव्या स्तोत्राचा प्रारंभ आहे. मी टीकाग्रंथ काढले, टिपणं केली आणि लिहिता लिहिता ‘का’ या शब्दाशी थांबलो. पुतणीने तोच प्रश्न विचारला होता. तिला मी माफी मागायला लावली होती. येशूला लावली असती का?

मग मी स्तोत्रं नव्याने वाचायला घेतली. तेराव्या स्तोत्राचा कर्ता देवाला विचारतो की किती काळ मला विसरणार. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. ईयोबाची कथा तर मला थेट लागू होती. ईयोब देवाशी भांडतो, त्याला कोर्टात खेचायची भाषा करतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन व्यवस्थित, धर्माला धरून बोलतात. शेवटी देव त्या मित्रांवर संतापतो आणि सांगतो की माझ्याविषयी योग्य ते बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. मी त्या मित्रांच्या पंगतीत बसलो होतो.

गेथशेमाने बागेत येशू देवाला ‘अब्बा’ म्हणतो ते कुठल्या वेळी, हेही तेव्हाच लक्षात आलं. घामाघूम झालेला, जिवाची घालमेल चाललेली, हा प्याला टळू दे म्हणून विनवणारा असा तो आहे. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे तो म्हणतो, पण आधी आपली इच्छा सांगून मग म्हणतो. मी पुतणीकडून फक्त शेवटचं वाक्य वदवून घेतलं होतं. मधली सगळी रात्र मी तिला नाकारली होती.

आणि ती कट्टी! कट्टी कुणाशी घेतात? रस्त्यावरच्या परक्या माणसाशी कुणी कट्टी घेत नाही. जो आपला आहे, ज्याच्याशी उद्या बोलायचंच आहे, त्याच्याशीच ती घेतात. आज बोलणार नाही असं सांगून ती पोर लगेच आईच्या डोकेदुखीचं गाऱ्हाणं त्याच देवाकडे घेऊन गेली होती. तिचा देव अजून तिचा होता. माझा देव मात्र फार दूरचा, फार आदबीने वागवण्याचा झाला होता.

आपल्या मातीत हे नवं नाही. देवाशी रुसणं, भांडणं, त्याला माउली म्हणून हाक मारणं आणि स्वतःला लेकरू म्हणवणं ही संतांची वाट आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, पण ही वाट त्यांनी सोडली नाही. ख्रिस्ताला त्यांनी अभंगांतून माउली म्हणून आळवलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा जन्म आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचा. नवरा ख्रिस्ती झाल्याचा घाव, विरह, राग, सोवळ्याओवळ्याशी झालेली झटापट, यांतलं काही त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लपवलं नाही. रागावत, अडत, प्रश्न करत त्या विश्वासात आल्या, आणि टिळकांमागे त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेलं. असा वारसा असताना मी पाठ केलेल्या भारदस्त वाक्यांना प्रार्थना समजत होतो.

उत्तम शुक्रवारी मी फार थोडं बोललो. टिपणं बाजूला ठेवली आणि भाऊ गेल्यापासून मला देवाचा राग आला आहे, एवढं मंडळीसमोर सांगितलं. येशूनेही ‘का’ विचारलं, म्हणून मी आज ते विचारू शकतो, असं म्हणून खाली बसलो. उपासनेनंतर कुणी नावं ठेवली नाहीत. दोन विधवा बहिणी मात्र जवळ आल्या, आणि त्यांतली एक म्हणाली, ‘भाऊ, आम्हाला कुणी असं बोलू दिलंच नाही.’

घरी येऊन मी पुतणीसमोर बसलो. तिला म्हणालो, ‘बेटा, त्या दिवशी तुझं बरोबर होतं. मी तुला माफी मागायला लावली ते चुकलं. मला माफ कर.’ तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘मी रोज करते प्रार्थना. रात्री पांघरुणात. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.’

मार्कच्या दहाव्या अध्यायातला तो प्रसंग मला त्या वाक्याने समजला. लेकरांना अडवणारे शिष्य दुष्ट नव्हते. त्यांना येशूचा मान राखायचा होता, आणि मलाही देवाचाच मान राखायचा होता. येशूला अशा मानाचा राग आला, कारण त्या मानापायी लेकरू दाराबाहेर राहत होतं. माझ्या घरातलं लेकरू मला चुकवून पांघरुणातून त्याच्यापर्यंत पोचलं. ही देवाची दया, यात माझं श्रेय काही नाही.

आता माझ्या विश्वासाचं काय झालं, हे विचाराल तर थोडंच सांगण्यासारखं आहे. १३१ वं स्तोत्र अवघं तीन ओव्यांइतकं आहे. त्यात स्तोत्रकर्ता आपल्या जिवाला दूध तोडलेल्या लेकराची उपमा देतो. दूध पिणारं बाळ भुकेसाठी आईला बिलगतं. दूध तुटलेलं लेकरू काही न मागताही तिच्याजवळ बसतं, कारण आता त्याला आईच हवी असते. तिथवर जायला त्याला रडावं लागलेलं असतं, दूध तुटण्याचं दुःख सोसावं लागलेलं असतं. मोठ्या माणसाच्या बालकासारख्या भरवशाचं याहून खरं वर्णन मला माहीत नाही. न कळणाऱ्याचा तो भोळेपणा नव्हे. कळूनसवरून, मागितलेलं न मिळूनही जवळ येऊन बसणं, असा तो भरवसा आहे. बाळ येशूच्या रांगेतल्या त्या म्हातारीला तो साधला होता.

मी तिथे पोचलो असं म्हणणार नाही. सकाळी गोळी घेतो आणि तिच्यासाठी देवाचे आभार मानतो. राग आला तर राग आला म्हणून सांगतो, भीती वाटली तर भीती. भावाच्या मृत्यूचं कारण मला अजून मिळालेलं नाही, आणि ते मिळाल्याशिवाय बोलणार नाही अशी अट मी आता घालत नाही. ज्या दिवशी शब्द येत नाहीत त्या दिवशी नुसता बसतो.

मंडळीत पुढे उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्या भावा-बहिणींना माझी कळकळीची विनंती आहे. बालकासारखा विश्वास ठेवा, हे वाक्य कुणाचं तोंड बंद करायला वापरू नका. आजाऱ्याला औषधापासून, दुःखी माणसाला रडण्यापासून, घरात मार खाणाऱ्या बाईला मदत मागण्यापासून आणि तरुणांना प्रश्नांपासून अडवण्यासाठी येशूने ते सांगितलेलं नाही. मोठेपणा मिरवणाऱ्या शिष्यांना त्याने ते सांगितलं. ते आधी आपण स्वतःला लावून घेऊ या. आणि तुमच्या घरातलं एखादं लेकरू देवावर रुसलं, त्याच्याशी भांडलं, तर त्याला दटावू नका. त्याची प्रार्थना पुरी होऊ द्या, आणि त्याच्या ‘आमेन’ला आपलं ‘आमेन’ जोडा.